तुमचे गोल्फचे प्रश्न : ६१८ यार्डांचं काय करायचं?

प्रश्न : माझं वय ५२, कोर्स हँडिकॅप (फटक्यांची सूट) २२. ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारणारा क्लब) नीट बसला तर चेंडू २१० यार्ड जातो, त्याखालचा थ्री वूड १९०. आमच्या कोर्सवरचं तेरावं होल पार ५ (म्हणजे पाच फटक्यांत अपेक्षित), पांढऱ्या टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून, ६१८ यार्ड, स्ट्रोक इंडेक्स (अवघडपणाचा क्रम) १. वर्षभरात तिथं एकदाही आठाच्या खाली आलो नाही, नऊ-दहा नेहमीचेच. महिन्यापूर्वी नवा ड्रायव्हर घेतला. फरक शून्य. लांबी कशी वाढवू?

उत्तर : लांबीचा नाद सोडा. वाढली तर आनंदच आहे, पण बावन्नाव्या वर्षी वाढून वाढून किती वाढणार? दहा यार्ड? मग उरले ६०८. हे मी अधिकारानं सांगते, कारण माझा ड्रायव्हर चांगल्या दिवशी १६० जातो. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब हातात धरला, आता एकसष्ट पूर्ण झाली. तुम्हाला एक होल लांब वाटतं, मला अठराच्या अठरा.

कागद घ्या. पहिली गोष्ट, तेराव्यावर तुम्ही पाच मारावेत अशी अपेक्षा कुणीच केलेली नाही. हँडिकॅप २२ म्हणजे प्रत्येक होलवर सुटीचा एक स्ट्रोक (फटका), आणि इंडेक्स १ ते ४ वर आणखी एकेक. तेराव्यावर तुम्हाला दोन मिळतात, म्हणजे तुमच्यापुरता तिथला पार ७. आता सातात उरकायचं तर पाचव्या फटक्याला ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) आणि मग तिथं दोन पट (भोकाकडं ढकलायचे हलके फटके). ड्रायव्हरनंतर उरतात ४०८ यार्ड, हाताशी चार फटके. भागाकार करा : फटक्याला १०२. ज्या होलच्या धास्तीनं तुम्ही नवा ड्रायव्हर घेतलात, ते तुमच्याकडून एवढंच मागतंय.

थोडी हाव धरू. चौथ्यालाच ग्रीन हवं. ४०८ भागिले तीन, १३६. ड्रायव्हर २१० जाणाऱ्याचा सहा किंवा सात नंबरचा आयर्न साधारण तिथपर्यंत पोचतो. आणि तुमचे दोन्ही थ्री वूड अगदी स्वप्नात लागावेत तसे लागले तर? १९० आणि १९०, झाले ३८०. उरले २८, तो चौथा फटका. म्हणजे दोन स्वप्नं खरी झाली तरी ग्रीनवर तुम्ही चौथ्यालाच, आणि तीन साधे आयर्न मारले तरी चौथ्यालाच.

इथं एखादा जाणकार म्हणेल की १३६ यार्डांवरून ग्रीन गाठण्यापेक्षा २८ यार्डांवरून गाठणं कितीतरी सोपं. अगदी खरं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं : ग्रीनच्या जितकं जवळ जाल तितके पुढचे फटके सरासरीनं कमी. ‘मला बाई शंभर यार्डच लाभतात’ हा आपल्यातल्या बहुतेकांचा भ्रमच असतो. म्हणून चेंडू फेअरवेवर, छोट्या गवतावर छान उचलून बसला असेल तर हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) काढा, मी अडवणार नाही. माझं भांडण आहे ते खराब लायवरून, म्हणजे चेंडू वाईट बसलेला असताना, काढलेल्या वूडशी.

ते भांडण कसं सुरू झालं ते सांगते. मेडल राऊंड (सगळे फटके मोजायचा) होता आणि बारा होलपर्यंत माझं कार्ड कुणालाही दाखवावं असं होतं. पुढचं होल लांब. ड्राइव्ह (टीवरचा पहिला फटका) उजवीकडं, रफमध्ये, म्हणजे लांब गवतात. जवळ गेले तर चेंडूचा फक्त माथा दिसत होता, बाकीचा गवतात रुतलेला. डोक्यात एकच विचार, गेलेले यार्ड आत्ताच्या आत्ता वसूल करायचे. थ्री वूड मागितला. चेंडू बेडकासारखा उडी मारून वीसेक यार्डांवर पडला, रफमध्येच. पुन्हा वूड, पुन्हा बेडूक. कॅडी (माझे क्लब वाहणारा) काही बोलला नाही. तिसऱ्यांदा मी हात पुढं केला तेव्हा त्यानं वूडवर शांतपणे टोपी चढवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी ती टोपी काढली. चेंडू डावीकडच्या चरात गेला. कार्डावर ११ लिहिले. तीन वूड मिळून शंभर यार्डही भरले नव्हते, आणि माझा एक सेव्हन आयर्न तेवढा जातो.

असं का होतं, तर थ्री वूडला लॉफ्ट (क्लबच्या चेहऱ्याचा कल) जेमतेम पंधरा अंश आणि दांडा लांब. चेंडूमागं गवत असलं की क्लबचा चेहरा आधी गवताला भिडतो, त्यात वेग मरतो. वर आपल्याला वाटतं, एवढ्या कमी लॉफ्टनं चेंडू उठायचा नाही, म्हणून आपण तो उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं, स्विंगचा तळ चेंडूच्या अलीकडं पडतो आणि वर येणारा क्लब चेंडूच्या डोक्याला चाटून जातो. आयर्नला लॉफ्ट असतो, दांडा आखूड असतो, आपण मुकाट्यानं खाली मारतो.

तेव्हा तेराव्यावर ड्राइव्ह झाल्यावर चेंडूशी उभं राहून आधी त्याच्यामागचं गवत बघा. ग्रीन बघायची गरजच नाही, तुम्ही तिथं पुढच्या फटक्यात पोचणार नाही आहात. चेंडूमागं बोटभर गवत दिसलं की सात नंबर, आणि तो मारून रफमधून बाहेर. तिसरा फटका कुठं थांबवायचा ते ग्रीनकडून मागं मोजत ठरवा. वाटेत बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर त्याच्या अलीकडं थांबा किंवा निर्धास्त पलीकडं जाता येईल असा क्लब घ्या. बंकरच्या तोंडाशी घुटमळणारं अंतर निवडू नका.

ले-अप करायला, म्हणजे मुद्दाम ग्रीनच्या अलीकडं थांबायला, कमीपणा वाटत असेल तर व्यावसायिकांची २००७ ची मास्टर्स स्पर्धा आठवा. झॅक जॉन्सन त्या आठवड्यात एकाही पार ५ वर दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर गेला नाही. चार दिवसांत सोळा पार ५, सोळाही वेळा ले-अप. ती सोळा होल तो ११ अंडर, म्हणजे पारपेक्षा ११ फटके कमी, खेळला आणि विजेत्याचं ग्रीन जॅकेट घरी घेऊन गेला.

आणि तुमचे ते दहा. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात : पार ५, अधिक २, अधिक तुमचे २, म्हणजे ९. दहावा फटका तुमच्या अभिमानाला लागतो, हँडिकॅपला नाही.

प्रश्न : माझा ड्रायव्हर १७० यार्ड जातो. आम्ही चौघे मित्र-मैत्रिणी एकाच टीवरून खेळतो. तिथं एक पार ३ आहे, २३५ यार्ड. ड्रायव्हर मारूनही ग्रीन लांबच राहतं, आणि बाकीचे हसतात. मी आखूड टीवर जावं का?

उत्तर : जावं, पण हसतात म्हणून नव्हे. जागतिक हँडिकॅप पद्धतीत पार ठरवण्यासाठी अंतराचे जे मार्गदर्शक आकडे आहेत त्यांत स्त्रियांचा पार ३ फार तर २२० यार्डांपर्यंत, आणि पार ४ आहे २०० ते ४२०. पुरुषांना पार ३ साठी २६० पर्यंत मुभा. म्हणजे तुमच्या मित्रांसाठी ते होल पार ३ असेलही, पण त्या हिशेबानं तुमच्यासाठी पार ४ च आहे. त्या टीवर स्त्रियांचा पार आणि रेटिंग (अवघडपणाचा आकडा) वेगळं छापलंय का ते कार्डावर बघा. छापलं नसेल तर हँडिकॅप कमिटीला विचारा. टी बदललीत तरी चौघांचा सामना थांबत नाही, ज्याच्या त्याच्या टीप्रमाणे कोर्स हँडिकॅप काढता येतो.

आणि हसणाऱ्यांना सांगा, अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सचं आठवं होलही पार ३ आहे. २००७ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी ते ३०० यार्ड लांब लावलं होतं.

प्रश्न : पार ६ ची होल का दिसत नाहीत? सगळ्यांत लांब होल कुठलं?

उत्तर : पुरुषांसाठी पार ६ धरायचा तर साधारण ६७० यार्डांपासून पुढं, आणि पार ५ ची मर्यादा ७१० पर्यंत ताणता येते. त्यामुळं मधली बरीचशी होल पार ५ मध्येच खपून जातात. शिवाय एवढ्या लांब होलवर मधले दोन फटके सारखेच, नुसती पायपीट. मला विचाराल तर पार ६ कमी आहेत तेच बरं. अपवाद हवाच असेल तर दक्षिण कोरियातल्या गुनसान कंट्री क्लबवर पार ७ आहे, एक हजार मीटरच्या किंचित पुढं. अमेरिकेतल्या फायरस्टोन कोर्सचं सोळावं होल १९६० साली ६२५ यार्डांचं होतं. त्या वर्षीच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये नामवंत गोल्फर अर्नोल्ड पामरनं तिथं आठ मारले आणि होलचं नाव पाडलं ‘मॉन्स्टर’. आठ मारून नाव ठेवायचा हक्क पामरला होता. आपण आठ मारले तर गप्प पुढच्या टीवर जावं.

प्रश्न : लांब होलवर आमच्यामुळं मागचा ग्रुप ताटकळतो. ओशाळल्यासारखं होतं आणि मग आणखीच वाईट खेळतो.

उत्तर : वेळ फटक्यांनी कमी जातो, मागं फिरण्यानं जास्त. ड्राइव्ह झाडीत गेल्याची शंका आली की टी सोडण्याआधीच दुसरा चेंडू खेळा आणि ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) हा शब्द तोंडानं उच्चारा. न बोलता मारलात तर तोच चेंडू खेळात येतो, पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला मिळतात फक्त तीन मिनिटं. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) जो तयार असेल, त्यानं धोका नसेल तर आधी मारावं. लांबच्याची वाट बघत उभं राहायचं कारण नाही.

स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला गुण मिळायचा प्रकार) खेळत असाल तर नेट डबल बोगीला शून्यच गुण. तिथवर मोजणी आली की चेंडू उचला आणि चालू लागा. मेडल असेल तर मात्र भोकात घालावाच लागतो, अकरावा असला तरी. मी घातला होता.