गिगाबिट असूनही एनएफएसवर मोठ्या फाइली हळू का जातात?

गिगाबिट लाइन आहे, तरी व्हिडिओ फाइली एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनची डिस्क वापरायची पद्धत) सर्व्हरवर टाकताना वेग सेकंदाला 40 एमबीच्या वर जात नाही, माउंटचे (ती डिस्क आपल्या मशीनला जोडण्याचे) कोणते पर्याय बदलू, असं तुम्ही विचारलंय. मी नाशकात अंबडला राहतो, इथल्या एडिटिंगवाल्यांचे सर्व्हर सांभाळतो. पर्यायांना इतक्यात हात लावू नका.

गिगाबिट म्हणजे सेकंदाला 125 एमबी. त्यातले 110 मिळाले की लाइन भरली समजा. आयपर्फ3 (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) लावून आधी नेटवर्क तपासा. मग थेट सर्व्हरवर, त्याच डिस्कवर डीडी (फाइल लिहून वेग दाखवणारी कमांड) चालवा, पण 'कन्व्ह=एफसिंक' (डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबायला सांगणारा पर्याय) घालून. ते नसेल तर येणारा आकडा रॅमचा असतो, आणि लोक तोच दाखवून वाद घालतात. इथेच 40 आले तर एनएफएस निर्दोष आहे. मग सर्व्हरच्या रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) बॅटरी बघा. ती मेली की बरीच कार्डं राइट कॅश (लिहायचा डेटा आधी धरून ठेवणारी मेमरी) बंद करून टाकतात.

दोन्ही आकडे चांगले आले, तर क्लायंटवर (फाइल पाठवणाऱ्या मशीनवर) 'एनएफएसस्टॅट -एम' द्या, ते माउंटचे पर्याय दाखवतं. डब्ल्यूसाइज (एका वेळी लिहायला पाठवायच्या डेटाचा कमाल आकार, बाइट्समध्ये) 1048576 दिसायला हवा. लिनक्स तो सर्व्हरशी बोलून स्वतःच ठरवतं, पण एफएसटॅबमध्ये (माउंटच्या नोंदींची फाइल) कुणीतरी जुन्या काळी 8192 लिहून ठेवलेलं असतं. ते काढा. माउंटमध्ये 'सिंक' असेल तर तेही काढा, कारण मग प्रत्येक राइट सर्व्हरवर पोचेपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो.

सर्व्हरच्या एक्सपोर्ट्समधला (कोणते फोल्डर वाटायचे त्याची यादी) 'सिंक' मात्र वेगळा, तो राहू द्या. एनएफएसच्या आवृत्ती 3 पासून क्लायंट डेटा पाठवत राहतो आणि नंतर एकदम कमिट (डिस्कवर पक्कं लिहिल्याची खात्री) मागतो, त्यामुळे मोठ्या सलग फाइलीला त्याचा फारसा त्रास नसतो. तिथे 'एसिंक' केलंत तर डेटा रॅममध्येच असताना सर्व्हर 'लिहिलं' म्हणून मोकळा होतो. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. क्लायंटने आपली प्रत टाकून दिलेली असते, आणि फाइल फाटलीय हे कळतं ते थेट एडिटला बसल्यावर. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही.

फाइल आधी सुसाट जाते आणि मग अडकते, असं होत असेल तर क्लायंटची रॅम आधी भरतेय. क्लायंटवरची लिनक्सची 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' ही सेटिंग (रॅममध्ये किती डेटा साचला की पाठवायला लागायचं) 256 एमबीच्या आसपास ठेवा, म्हणजे पाठवणं लवकर सुरू होतं.

एनकनेक्ट (एकाच सर्व्हरशी अनेक कनेक्शन उघडणारा माउंटचा पर्याय; लिनक्स 5.3 पासून, कमाल 16) एकाच गिगाबिट वायरवर काही देणार नाही. 10 गिगाबिट घेतलंत तर 4 पासून सुरुवात करा.