ईईजीवर झोपेची थकबाकी मोजता येते का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी, सकाळी आठला झोपायचं, दोनला जाग येते. हातातला बँड खोल झोप जेमतेम 40 मिनिटं दाखवतो. मग ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) काढून किती झोप बाकी आहे ते कळेल का?

बँडचं सोडा. तो मनगटाची हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतो. नेहमीचा अर्ध्या तासाचा ईईजीही मुख्यतः फिट्सच्या तपासणीसाठी असतो, त्यात हे कळणार नाही.

झोपेची गरज दिसते ती गाढ झोपेतल्या डेल्टा लहरींत. सेकंदाला 0.5 ते 4 आवर्तनं, उंची 75 मायक्रोव्होल्टच्या पुढे. जितकं जागरण जास्त, तितक्या पहिल्या दोन-तीन तासांत या लहरी उंच आणि दाट, पुढे झोपेच्या प्रत्येक चक्राला उतरत जातात. झोपेचे संशोधक बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलेलं झोपेचं प्रारूप यावरच उभं आहे. झोपेच्या गरजेचा हा दाब जागेपणी सावकाश चढतो, झोपेत मात्र भराभर उतरतो. जागेपणीही एक खूण सापडते. जागरण लांबलं की कपाळाकडच्या भागात 5 ते 8 हर्ट्झची (सेकंदाला तितकी आवर्तनं) थीटा लहर वाढते. पण ती शरीराच्या घड्याळानुसार आणि कामाच्या ताणानेही हलते, म्हणून मी डेल्टालाच जास्त मानतो.

मोजायचं तर रात्रभराची नोंद 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत पाडतात आणि बिगर-स्वप्न झोपेच्या प्रत्येक तुकड्यातली डेल्टाची शक्ती काढतात. एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. कवटीची जाडी, वय यांनी माणसागणिक आकडे खूप बदलतात. तुलना त्याच माणसाच्या पुरेशा झोपेच्या रात्रीशीच करावी लागते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे घाम. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद पडला की घामामुळे ईईजीची रेघ एक हर्ट्झपेक्षाही संथ डुलू लागते आणि मोजणारं सॉफ्टवेअर तिलाच डेल्टा समजतं. माणूस तळमळत असतो, अहवालात गाढ झोप! खोली थंड हवी, केसांना तेल नको, नाहीतर डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडचा विद्युतरोध 5 किलोओमच्या खाली येत नाही.

आता तुमचे सहा तास. डेल्टाचा मोठा वाटा पहिल्या तीन तासांतच फिटतो. दुपारी जाग येते कारण शरीराचं घड्याळ 'दिवस आहे' म्हणतं, झोप पूर्ण झाली म्हणून नव्हे. पाळीला निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोपलात तर दाब कमी घेऊन कामाला लागाल. सुट्टीच्या दिवशी मात्र तीच डुलकी रात्रीची डेल्टा खाते. पहाटे चारचा चहा टाळा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. ते मेंदूत झोपेची गरज जाणवून देणाऱ्या ॲडेनोसिन या रसायनाची जागा अडवतं, त्यामुळे डेल्टा कमी दिसते पण गरज फिटलेली नसते.

जोरात घोरत असाल किंवा मागाशेजारी उभ्याउभ्या डोळा लागत असेल तर नुसता ईईजी नको, रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी (झोपेची सविस्तर तपासणी) करून घ्या. त्यात श्वास आणि ऑक्सिजनही मोजतात.