मिशिगनमध्ये घराचं गॅरेज नीट करून घ्यायचंय. फ्लोअरिंग, स्टोरेज आणि हीटिंग यांत आधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की डेट्रॉईटच्या बाहेर घर घेतलंय, घराला जोडलेलं दोन गाड्यांचं गॅरेज आहे, बजेट पाचएक हजार डॉलर आहे आणि "थंडीच्या आत निदान चकचकीत इपॉक्सी तरी मारून घ्यावं म्हणतो". या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. काँक्रीटच्या जमिनीवरचा तो कडक थर आत्ता नका मारून घेऊ. जमीन सगळ्यात शेवटी, आणि तीही उन्हाळ्यात.

हेच वाक्य आमच्या साडूंनी म्हटलं होतं. ऑक्टोबर संपत आला होता, दिवाळीच्या फराळाला लोक यायचे होते, आणि एका कंत्राटदाराने "दोन दिवसांत शोरूम करून देतो" असं सांगितलं. त्याने अ‍ॅसिड ओतून जमीन धुतली, रात्रभर वाळवली आणि दुसऱ्या दिवशी करडं इपॉक्सी मारून वर रंगीत टिकल्या उधळल्या. दिसायला देखणं होतं, हे मान्य. फराळाला आलेला प्रत्येक माणूस चिवड्याची वाटी हातात घेऊन आधी गॅरेज बघायला. तिथेच आठदहा जणांसमोर साडू मला म्हणाले, "याला म्हणतात गॅरेज. तुझं आहे ते गोडाऊन."

आता माझ्या गोडाऊनबद्दल. आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एकांकिका असते. तिचं नेपथ्य बरीच वर्षं माझ्याच गॅरेजमध्ये तयार होतं. म्हणजे बाहेर शून्याखाली पारा असताना आत प्लायवूड कापणं, फ्लॅट्स (रंगमंचावरच्या खोट्या भिंतींच्या चौकटी) ठोकणं, रंगवणं. साध्या लॅटेक्स रंगाला पन्नास फॅरनहाइटच्या वर हवा लागते. त्याखाली रंग नीट धरत नाही, हात लावला की निघतो, आणि डबा गोठला तर आतला रंग फुटून दह्यासारखा होतो. त्यामुळे गॅरेज उबदार ठेवणं ही माझी हौस नव्हती, गरज होती. साडूंना ते कधीच पटलं नाही. त्यांच्या मते गॅरेज गाडीसाठी, आणि गाडीला थंडी वाजत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. मार्चपर्यंत गाडीखालचं मिठाचं पाणी त्या जमिनीवर साचत राहिलं. इथल्या रस्त्यांवर किती मीठ टाकतात ते पहिल्या हिवाळ्यात कळेलच तुम्हाला. डेट्रॉईटच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, कंजुषी कशाला करतील? मग जूनमध्ये हायवेवरून तापलेली गाडी आणून उभी केली आणि सकाळी काढली, तर टायरखालचं इपॉक्सी टायरला चिकटून वर आलं. चारही टायरांचे ठसे. कंत्राटदार फोन उचलेना.

साडू आजही म्हणतात की माल हलका होता. माल ठीक होता. थंड, ओलसर आणि न घासलेल्या काँक्रीटवर तो मारला, हे चुकलं. बहुतेक इपॉक्सींना स्लॅबचंच तापमान पन्नास फॅरनहाइटच्या वर लागतं, नुसत्या हवेचं नाही, आणि ऑक्टोबरअखेर इथला स्लॅब रात्री त्याखाली जाऊ शकतो. शिवाय काँक्रीट डायमंड ग्राइंडरने खरवडून सँडपेपरसारखं खरखरीत केलं नाही तर कोटिंगचा भरवसा नाही. ग्राइंडर भाड्याने मिळतो. ओल तपासायची पद्धत फुकट आहे: दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचा, किमान सोळा तास ठेवायचा आणि उचलून बघायचं. खाली दव धरलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल तर इपॉक्सीचा विचार सोडा. जे कंत्राटदार "ग्राइंडिंगची गरज नाही" म्हणतात त्यांना दारातूनच परत पाठवा. पॉलीअ‍ॅस्पार्टिक नावाचं दुसरं कोटिंग जास्त थंडीतही चालतं, लवकर सुकतं आणि उन्हाने पिवळं पडत नाही, पण जमीन घासण्यातून त्यालाही सुटका नाही. व्यावसायिक माणसाकडून दोन गाड्यांच्या गॅरेजला दोन ते पाच हजार डॉलर धरा, म्हणजे तुमचं अख्खं बजेट त्यातच गेलं.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यापुरतं जमिनीवर सायलेन-सायलोक्सेन सीलर मारा. तो काँक्रीटमध्ये मुरतो, वर थर धरत नाही, त्यामुळे सोलून निघायचा प्रश्नच नाही. गाडीखाली कडा उचललेली मॅट टाका, बर्फाचं पाणी तिच्यात साचतं, वायपरने बाहेर ढकलायचं. मीठमिश्रित पाणी काँक्रीटमध्ये शिरून गोठतं आणि वितळतं, त्यानेच खपल्या निघतात. तेवढं थांबवलंत तरी पुष्कळ. एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स सुंदर दिसतात, पण मिठाचं पाणी त्यांच्या खाली जाऊन बसतं आणि वसंतात सगळ्या उचलून धुवाव्या लागतात.

हीटिंगचं म्हणाल तर हीटर नंतर, आधी भोकं बुजवा. दाराखालचं रबर बदला, कडेच्या पट्ट्या बदला. भिंती उघड्या असतील तर दोन बाय चारच्या लाकडी चौकटीत आर-१३ दर्जाचं इन्सुलेशन भरून वर ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) लावा. घराच्या बाजूच्या भिंतीचं ड्रायवॉल मात्र आगीसाठी असतं, त्याला भोकं पाडू नका. दाराच्या आत थर्माकोलचे पत्रे बसवायचं किट मिळतं. त्याने दाराचं वजन वाढतं आणि स्प्रिंग पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ती स्प्रिंग स्वतः सैल करायला जाऊ नका, हात जातो.

मग हीटर. माझ्याकडे छताला टांगलेला २४० व्होल्टचा ५००० वॉटचा आहे, म्हणजे तासाला साधारण १७,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). त्याला तीस अँपिअरचं वेगळं सर्किट लागतं, ते परमिट काढून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. तासाला पाच युनिट खातो. इथल्या दराने तासाला जवळपास एक डॉलर, म्हणजे शनिवार-रविवार काम करणाऱ्याला परवडतं. रोज तापवायचं असेल तर ४५,००० बीटीयूचा गॅस युनिट हीटर घ्या, पण ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा, बंद चेंबरचा. घराच्या फर्नेसची डक्ट (गरम हवेची नळी) गॅरेजमध्ये फोडायची युक्ती कुणी सांगेल, ती बांधकामाच्या नियमांत (कोडमध्ये) बसत नाही. गाडीचा धूर त्याच वाटेने मुलांच्या खोलीत जातो.

साडूंनी काय केलं? प्रोपेनच्या टाकीवर बसवायचा हीटर आणला. त्याला धुराडं नाही. जळताना पाण्याची वाफ सोडतो, ती थंड भिंतींवर धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. शटर अर्धं उघडं ठेवून तो लावायचा म्हणजे रस्त्यालाच ऊब द्यायची. "पण स्वस्त पडतो" म्हणे. मेव्हणीने शेवटी तो हीटर यार्ड सेलला काढला, तेव्हा कुठे आमच्या बायकोला बहिणीकडे निर्धास्त झोप लागली.

स्टोरेजवर फार लिहीत नाही, ते ज्याच्या त्याच्या पसाऱ्यावर असतं. रॅक भिंतीला ठोकताना स्टड (भिंतीच्या आतले उभे लाकडी दांडे) शोधा, ते बहुधा सोळा इंचांवर असतात. नुसत्या ड्रायवॉलवर काही टांगू नका. छताला टांगायच्या रॅकवर सहाशे पाउंड लिहिलेलं असतं, ते रॅकचं, तुमच्या छताचं नाही. ट्रसच्या (छताच्या लाकडी सांगाड्याच्या) खालच्या दांड्या माळ्यासारखा भार घ्यायला बनवलेल्या नसतात. गणपतीचं मखर आणि रिकाम्या बॅगा वर, तांदळाची पोती आणि पुस्तकं खाली. खोके पुठ्ठ्याचे नकोत, उंदीर होतात, झाकणाचे प्लास्टिकचे घ्या. आणि गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज ठेवणार असाल (ठेवालच, सगळे ठेवतात) तर थंडीत चालणारा बघून घ्या. साध्या फ्रिजचा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यात असतो. गॅरेजच गार पडलं की त्याला वाटतं काम झालं, कॉम्प्रेसर बंद, आणि वर फ्रीझरमधला खोवलेला नारळ आणि आंब्याचा रस पातळ.

हे सगळं घराला जोडलेल्या गॅरेजबद्दल. टाउनहाउस असेल किंवा एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडायच्या आधी त्यांना विचारा. घर अगदी नवीन असेल तर काँक्रीटला निदान अठ्ठावीस दिवस होऊ द्या, मगच त्याच्यावर काही मारा. आणि हिवाळ्यात तुम्ही गॅरेजमध्ये फक्त गाडी लावून आत पळणार असाल, तर हीटर घेऊच नका. रबर आणि मॅट एवढ्यावर भागेल. हे साडूंच्या बाजूने जातंय, पण खरं आहे.

ते हे वाचतीलच. भाऊ, जमीन पुन्हा करायची म्हणताय असं मेव्हणीकडून कळलं. ग्राइंडरचं अर्धं भाडं मी देतो. जूनमध्ये.