१२० ग्रॅमची पुडी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या कॉलेजात जनुकबदलावर वादविवाद आहे आणि नाना कुठल्या बाजूनं बोलतील, असं तू विचारलंस. मी चोपड्याला तीस हंगाम बियाणं विकलेला माणूस. गल्ल्यावर बसून जे कळलं तेवढंच सांगतो.

'निसर्गात ढवळाढवळ' हा मुद्दा घेऊन उभी राहू नकोस. समोरचा पोरगा केळं सोलून 'यात बी दाखव' म्हणेल. रानकेळीत दाताखाली खडे यावेत तशा बिया असतात. आपल्या रावेर-यावलच्या केळीतून माणसानंच निवडून निवडून त्या घालवल्या.

माझा मुद्दा एका पुडीचा आहे. बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून स्वतःच बोंडअळीला मारणारं विष बनवणाऱ्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या, बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. आम्ही तिला 'रेफ्युजी' म्हणायचो. शेताच्या कडेनं पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, जे जास्त भरेल तेवढी ही कपाशी लावायची, असा नियम. कारण बीटीचं विष पचवणारी एखादी अळी निघतेच. तिच्या पतंगाला साध्या ओळीवरचा जोडीदार मिळाला, तर त्यांची पिल्लं बहुतेक बीटीवर मरतात. साध्या ओळीच नसल्या की वाचलेल्याची गाठ वाचलेल्याशीच पडते आणि विष पचवणाऱ्या अळ्याच वाढत जातात. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्यावर तरी आसरा असतो. गुलाबी अळीला मात्र जवळजवळ कपाशीच लागते.

गिऱ्हाईक विचारायचं, "नाना, हे काय?" मी म्हणायचो, "राहू दे, अळ्या पोसायचं बियाणं आहे." लोक पुडी पायरीशीच टाकून जायचे. जूनमध्ये संध्याकाळी झाडू मारला की पुड्यांचा ढीग निघायचा. माझ्या स्वतःच्या दोन एकरांतही मी एक ओळ लावली नाही. पाचवा हिस्सा अळीला कोण देतो?

गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटीला जुमानत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं बीटी आलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. २०१७ ला माझ्या कपाशीची फुलं उमलेनात. पाकळ्या पिळवटून गुलाबकळीसारख्या मिटलेल्या. डोमकळ्या! एक उकलली तर आत बारीक अळी वळवळत होती. पुढे बोंडं वरून हिरवीगार, पण फोडली की सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी. फरदड होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, मे महिन्यातली लवकरची लागवड होती, सगळा दोष मी पुडीवर टाकत नाही. पण झाडूपुढचा तो ढीग डोळ्यांसमोरून हलेना.

तेव्हा कुणी नवं वाण दाखवलं, तर त्याची पुडी कुठे आहे ते विचार, आणि ती लावण्याचा तोटा कोण सोसणार तेही विचार. बियाण्याचे पैसे विकणाऱ्याला मिळाले, मलाही मिळाले. अळी सांभाळायचं काम मात्र एकरभरवाल्याच्या कडेच्या पाच ओळींवर टाकलं. एकट्यानं लावली तर तो एकटाच बुडणार, हे त्यालाही कळत होतं.

(२०१० मध्ये बीटी वांगं थांबवलं तेव्हा मी खूश झालो होतो. ते आपल्या भरताच्या वांग्याच्या मायेपोटी. त्याला नीती म्हणू नकोस.)

जनावरांबद्दल माझं अजून ठरत नाही. अमेरिकेत जनुक बदलून बिनशिंगी दुधाळ जनावरं केली. वासराची शिंगं डागायला लागू नयेत, हा हेतू खोटा नाही. डागणी लागलेल्या वासराचं ओरडणं मी ऐकलंय. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांना त्यातल्या एका वळूच्या जनुकांत जिवाणूचा तुकडा सापडला, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांसकट. करणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला होता. पण मला टोचतं ते दुसरंच. दाटीच्या गोठ्यात शिंगं लागतात म्हणून ती नकोत. मग गोठा बदलायचा की गाय? अर्थात मी पोळ्याला शिंगं रंगवणारा माणूस, माझा कल धरूनच हे वाच.

पोळ्याला ये. माळ्यावर एक पुडी अजून न फोडलेली पडली आहे. वादविवादात दाखवायला ने हवी तर. उगवायची नाही ती आता.

तुझा,
नाना