भात बंद केला, तरी शुगर का उतरत नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६२ वर्षांचे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ७.८. घरात भात आणि साखर पूर्ण बंद, दोन्ही वेळा ज्वारीची भाकर. तरी जेवणानंतरची शुगर २३०-२४० च्या खाली येत नाही, तर आता पोळी-भाकरही बंद करून कीटो (कर्बोदकं जवळपास बंद, भर तेला-तुपावर) करावं का? मी डॉक्टर नाही, जुना मधुमेही आहे. गोळ्यांबद्दल खाली जे लिहितो ते डॉक्टरांना विचारूनच करा. कीटोकडे शेवटी येतो, आधी भाकरीचा हिशेब.

ज्वारी चांगली, वादच नाही. पण भाकरीने शुगर वाढत नाही हे कोणी सांगितलं? ज्वारी असो की गहू, शंभर ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे पचून शुगर वाढवणारा भाग. आपल्याकडची हातावर थापलेली ताटभर भाकर सहज ७०-८० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे एकीत ५० ग्रॅमच्या आसपास. पातळ फुलका २५ ग्रॅम पिठाचा, त्यात १६-१७. बाबा दुपारी दोन भाकरी खात असतील तर सहा फुलके जेवले म्हणायचं. आणि जो भात तुम्ही बंद केला, तो शिजलेला शंभर ग्रॅम असेल तर त्यात होते २८ ग्रॅम. धान्य बदललं, भार उलट वाढला. उद्या पीठ भिजवण्याआधी वजनकाट्यावर ठेवून बघा, मग पुढचं वाचलं तरी चालेल.

धान्यातली कर्बोदकं म्हणजे बहुतेक पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. त्या आतड्यात किती लवकर तुटतात यावर शुगर किती वेगाने चढते ते ठरतं. अख्खा दाणा हळू तुटतो, गिरणीतून मऊसूत दळलेलं पीठ झटकन. सोबत डाळ, भाजी, थोडं तेल-तूप असलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि चढण सौम्य राहते. टाइप २ मध्ये इन्शुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, म्हणून एकदम आलेला लोंढा रक्तातच तुंबतो. यासाठी जेवणाचा क्रमही बदला: आधी काकडी-टमाट्याची कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ, भाकर शेवटी. तेच ताट या क्रमाने खाल्लं तर नंतरची शुगर कमी चढते, हे तपासून पाहिलेलं आहे आणि याला पैसाही लागत नाही.

ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कोणता पदार्थ शुगर किती चढवतो त्या आकड्यांचे, तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, तुम्हीही एक चिकटवला आहे. ही कल्पना १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी सहकाऱ्यांसोबत मांडली. ज्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका एकच पदार्थ उपाशीपोटी खायला द्यायचा, दोन तास रक्त तपासत राहायचं आणि ग्लुकोजला १०० धरून तुलना करायची. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. उपयोगाचं आहे, पण ताटात पदार्थ किती वाढला हे तक्ता सांगत नाही. टरबुजाचा आकडा सत्तरीत असतो म्हणून बिचारं टरबूज घरोघरी बंद होतं, आणि शंभर ग्रॅम टरबुजात कर्बोदकं असतात जेमतेम ७-८ ग्रॅम! मे महिन्यात बाबांना वाटीभर फोडी खाऊ द्या.

संत्र्याचंही तेच. एक मध्यम संत्रा सोलून, आतल्या पापुद्र्यासकट फोडी चावून खाल्ला तर १२-१५ ग्रॅम कर्बोदकं, तीही तंतूंसोबत. पण तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी ग्लासभर ताजा रस देता, "घरचाच आहे, साखर नाही टाकत." त्या ग्लासात तीन-चार संत्री पिळली जातात, चोथा फेकला जातो, आणि २५ ग्रॅमच्या वर साखर दोन मिनिटांत पोटात जाते. तो ग्लास आजच बंद करा. संत्रा बर्फीबद्दल तर बोलायलाच नको. गूळ, मध, ब्राउन शुगर हे साखरेचेच भाऊबंद, त्यावर वेळ घालवत नाही.

रविवारचे तर्री पोहे सोडायला बाबा तयार नाहीत म्हणता. सोडू नका. पोहे म्हणजे चेपलेला तांदूळ, पण तर्रीतला चणा आपल्या बाजूचा आहे. पोहे अर्धे, चणे दुप्पट, वरचा तवंग चमच्याने बाजूला आणि फरसाण नको. चतुर्थीच्या साबुदाण्याला मात्र माझा सरळ विरोध आहे. ते जवळपास शुद्ध पिष्ट, प्रथिनं नावालाच. फल्लीदाणे आणि तूप टाकल्याने चढण थोडी मंदावते, उष्मांक मात्र भरमसाट होतात. थोडी भगर, वाटीभर दाण्याची आमटी आणि ताक, एवढ्यावर उपास भागतो. फक्त भगर हीसुद्धा धान्यच आहे, हे मोजताना विसरू नका.

आता ताटात काय वाढवायचं, कारण नुसतं कमी केलं तर माणूस चार वाजता बिस्किटांचा डबा उघडतो. आपल्या विदर्भात याचं उत्तर घरातच आहे: चण्याची डाळ. तिच्यातून ग्लुकोज फार सावकाश सुटतं, सोबत प्रथिनं आणि तंतू. चून, पातोडीचा रस्सा, भिजवलेली डाळ वाटून केलेले गोळे, हे सगळं आपण तोंडी लावणं समजतो आणि पोट भरायचं काम भाकरीवर टाकतो. ते उलटं करा. आमच्याकडे पातोडीचा रस्सा भरपूर, वांग्याचं भरीत, कोशिंबीर आणि अर्धी भाकर असं जेवण होतं, आणि कोणी उपाशी उठत नाही. सावजी खानावळीत गेलात तर शुगरसाठी मटणापेक्षा त्यासोबत किती भाकरी गेल्या ते मोजा. तेलाचा मुद्दा वेगळा. गोळाभातातसुद्धा गोळे जास्त आणि भात कमी वाढला तर महिन्यातून एखाद्या वेळी काही बिघडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांतून येणाऱ्या उष्मांकांना ४५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपल्या घरांत वरण पातळ आणि भाकरी जाड, त्यामुळे ती कधी ओलांडली जाते ते कळतही नाही.

शिळा भात चालतो का, हे विचारलंत. शिजवून थंड केलेल्या भातातलं काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं, गरम केल्यावरही त्यातलं बरंचसं तसंच राहतं. फायदा थोडाच आहे, त्या भरवशावर दुप्पट खाऊ नये. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देऊ नका, पोट बिघडेल. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात. संध्याकाळी फुटाळा तलावावर जा, दुपारी घरातल्या घरात फेऱ्या मारा.

ग्लुकोमीटर घरात आहेच, तर आकडे जोडीने घ्या: जेवणाआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा, आणि ताटात काय, किती होतं ते शेजारी लिहा. बहुतेकांसाठी दुसरा आकडा १८० च्या आत हवा. बाबांसाठी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते धरा. सकाळची उपाशीपोटीची शुगर जास्त दिसली म्हणून रात्रीचं जेवण उडवू नका, पहाटे यकृत स्वतःच ग्लुकोज सोडतं. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते तीन महिन्यांनी. एक गोष्ट विदर्भात मुद्दाम विचारावी लागते: घरात कोणाला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? सिकलसेलमध्ये, किंवा रक्त फार कमी असेल तर, एचबीए१सी फसवू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा.

कीटोचं. बाबांच्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड आहे असं तुम्ही लिहिलंय. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात कर्बोदकं असोत वा नसोत. डोस तोच ठेवून धान्य एकदम बंद केलं तर शुगर ७० च्या खाली कोसळू शकते: घाम, थरथर, भान हरपणं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर कीटोत रक्त आम्लीय होण्याचा वेगळाच धोका. म्हणून आधी भाकरी दोनाची एक करा, तीही डॉक्टरांना कळवून, म्हणजे डोस बदलायचा का ते बघतील. तरीही कधी शुगर उतरलीच तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. मात्र गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज या औषधाचंही नाव असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, घरात ग्लुकोजची पावडरच ठेवावी लागते. पाकीट एकदा बघून नाव इथे टाका.