रोजचं तांब्याभर पाणी झाडाला का पुरत नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो,

एप्रिल लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न बदलतात. तूर-हरभरा घरात आलेला असतो, वावर रिकामं असतं, आणि विचारणा सुरू होते ती दारापुढच्या लिंबाच्या झाडाची, सांदवाडीतल्या (परसातल्या) टमाटरांची, शाळेच्या आवारातल्या रोपांची. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी जे बहुतेक घरांना लागू पडतील, त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

आपला विदर्भ काही वाळवंट नाही, पावसाळ्यात तर आपल्याकडे पाणी साचून झाडं मरतात. पण मार्च ते रोहिणी संपेपर्यंतचं आपलं अंगण बिकानेर-जोधपूरच्या अंगणाहून फार वेगळं नसतं. अकोला, नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरीत पारा 45 अंशांच्या वर जातो, हवा कोरडी, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड. त्यामुळे रोगही तेच दिसतात आणि उपायही बरेचसे तेच चालतात.

पहिला प्रश्न दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंचा: "लिंबाच्या झाडाला रोज न चुकता पाणी देते. तरी पानं कडेनं जळतात आणि गळतात. ऊन लागलं का?"

मी मागच्या आठवड्यात त्या झाडापाशी जाऊन आलो. झाड तीन वर्षांचं, खोडाला चिकटून हातभर रुंदीचं आळं. सकाळचं पाणी नुकतंच दिलेलं, वरची माती ओली गच्च. हातभर लांबीचा लोखंडी गज मातीत दाबला. चार बोटं सहज गेला आणि पुढे दगडाला लागल्यासारखा थांबला. खाली कोरडं ठणठणीत. आळ्याच्या कडेला मिठासारखा पांढरा थर होता. ताईंनी तो बोटानं खरवडून जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

सगळं उत्तर त्या गजात आणि त्या थरात आहे. रोज थोडं पाणी मिळालं की मुळ्या वरच्या चार बोटांतच राहतात, आणि मे महिन्यात सर्वांत जास्त तापतो तो तेवढाच थर. दुसरं असं की पाणी उडून जातं, पण त्यातला क्षार मातीत राहतो. थोडं पाणी त्याला खाली ढकलू शकत नाही, म्हणून तो मुळांपाशीच साचत जातो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेला भाग, असेल तर हे फार लवकर होतं. पानाचं टोक आणि कडा करपतात ते या क्षारामुळे. आपण ते ऊन समजतो आणि आणखी तांब्याभर पाणी ओततो.

ताईंचं पाणी रोजचं 4 लिटर, म्हणजे आठवड्याचं 28 लिटर. तेवढंच पाणी दोन वेळा 14-14 लिटर द्या, असं मी त्यांना सांगितलं. पाणी वाढवलं नाही, फक्त देण्याची रीत बदलली. झाड मोठं झालं की एका वेळचं पाणी वाढवायचं, वेळा वाढवायच्या नाहीत. पाणी संध्याकाळी, सावकाश द्यावं. दुसऱ्या दिवशी गज घालून पाहा, हातभर खोल गेला तर पाणी पोचलं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, बोअरचं पाणी पुरेल तेवढ्या बेतानं, दुप्पट पाणी देऊन क्षार खाली उतरवावा. खाली निचरा नसेल तर मात्र हे करू नका.

पाणी कुठे द्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. दुपारी बाराला झाडाची सावली जिथवर पडते, त्या कडेखाली पाणी शोषणाऱ्या बारीक मुळ्या असतात. आळं तिथे करा. काळ्या जमिनीत आधी भेगा बुजवून वरची माती कुदळीनं भुसभुशीत करून घ्या, नाहीतर दिलेलं पाणी भेगांतून मुळांना न लागता थेट खाली निघून जातं. वर सोयाबीन-तुरीच्या कुटाराचा (भुशाचा) चार बोटं जाड थर द्या, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. खोडाला कुटार चिकटलं की उधई लागते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी खूप ठिकाणी पाहिलं आहे.

एक विनंती. हल्ली गावोगावी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसली आहेत. त्यातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी "फुकट जातं" म्हणून झाडांना देऊ नका. यंत्रानं काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. फरशी धुवायला वापरा.

दुसरा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: संत्रा, मोगरा, जास्वंदाची नवी पानं पिवळी पडतात, युरिया टाकला तरी हिरवी होत नाहीत. होणारही नाहीत. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) 8 च्या वर असला की झाडाला ते घेता येत नाही. सतत चिखल असला तरी हेच होतं. म्हणून आधी रोजचं पाणी बंद करा. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि 25 ग्रॅम चुना मिसळून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. नुसतं हिराकस जमिनीत टाकलं तर चुनखडी ते अडकवून ठेवते. जमिनीतून द्यायचं असेल तर दुकानात "ईडीडीएचए" लिहिलेलं चिलेटेड लोह मागा. "ईडीटीए" वालं स्वस्त असतं, पण अशा जमिनीत टिकत नाही. भर उन्हात युरिया मात्र नको, मुळ्या जळतात.

काटोलकडच्या एका भाऊंनी खालच्या फांद्या काढून संत्र्याची झाडं "स्वच्छ" केली आणि आता पश्चिमेकडची साल तडकली, म्हणून फोटो पाठवला. भाऊ, खालच्या फांद्या ही त्या खोडाची सावली होती. दुपारनंतरचं तिरपं ऊन उघड्या सालीवर पडतं, साल भाजते, फाटते, मग तिथून बुरशी शिरते आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. आता बोर्डो पेस्ट लावा. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना वेगळ्या 5 लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत. धातूचं भांडं नको. दोन्ही एकत्र ढवळून लोखंडी खिळा बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर आला तर अजून थोडी चुन्याची निवळी घाला. हे त्याच दिवशी वापरायचं, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत लावायचं, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करा: खोडाभोवती मातीचा लहान उंचवटा, त्याबाहेर पाण्याचं आळं. अंगणातल्या इतर कोवळ्या झाडांना साधा चुना लावला तरी चालतो. छाटणी उन्हाळ्यात फक्त बोरीची करा. तिची पानगळ याच दिवसांत होते आणि पुढच्या फुटव्यावरच फळ येतं.

"टमाटर फुलतात पण धरत नाहीत," हा काकूंचा नेहमीचा प्रश्न. दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रही गरम असली की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. यात खताचा दोष नाही, औषधावर पैसे घालू नका. आहे ती झाडं सावलीत जगवायची तर दुपारनंतरच्या बाजूला मांडव करा, पण तुराट्यांचा. पऱ्हाट्यांचा नको. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि जूनमध्ये तुमच्याच कपाशीवर जाते. फळाचा तळ काळा पडत असेल तर ते पाण्याच्या खाड्यामुळे, एक दिवस चिखल आणि चार दिवस भेगा असं झालं की होतं. उन्हाळ्यात सांदवाडीत ढेमसं, गवार, भेंडी, चवळी, काकडी घ्या. टमाटरचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरात टाका, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत घरचं खाल. वेलांसाठी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं की तीन-चार दिवस ओल राहते. जड पाण्यानं त्याची छिद्रं बुजतात, म्हणून हंगाम संपल्यावर ते घासून घ्यावं.

शाळेच्या आवारासाठी कोणती झाडं, असं एका गुरुजींनी विचारलं आहे. माझी पसंती कडुनिंब, करंज, चिंच, आवळा, सीताफळ, बोर आणि भोकर. बोर आणि भोकर राजस्थानच्या रेताडातही फळं देतात. 2 फूट लांब, रुंद, खोल खड्डे आताच खणून तापू द्या. एखादा खड्डा पाण्यानं भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तळाशी चुनखडीचा किंवा चोपणाचा (घट्ट, खारवट मातीचा) थर आहे. पहारीनं तो फोडा, तरीही पाणी मुरलं नाही तर जागा बदला. काळ्या जमिनीत रोप जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीवर लावा, श्रावणात पाणी साचून मरणारी रोपं उन्हानं मरणाऱ्यांपेक्षा कमी नसतात. पिशवी कापून काढा, गोल फिरलेल्या मुळ्या सोडवा आणि पिशवीत जिथवर माती होती त्याहून खोल गाडू नका.

पाण्याची तपासणी कशी करायची, हे तिघांनी विचारलं. बोअर 10-15 मिनिटं चालू द्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून 1 लिटर पाणी भरा. गाव, बोअर की विहीर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत त्याच दिवशी द्या. अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचं माप, 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर दिसली तर लिंबू-संत्र्यासाठी ते पाणी धरू नका. अहवाल घेऊन माझ्याकडे या, आपण त्या पाण्यावर काय जगेल ते बसून ठरवू.