फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा पाणचट होतो, मिळून यावा म्हणून काय करावं?

नोकरीसाठी मुंबईत आलात, खोलीवर एकच शेगडी आणि एक मिक्सर आहे, आणि रस्सा दर वेळी फसतो असं तुम्ही लिहिलंय: पाणी एकीकडे, फोडी एकीकडे. मसाला वाढवून पाहिलात तर नुसता तिखट झाला. होणारच. रस्सा मिळून येतो तो वाटणामुळे, आणि तेही नीट परतलेलं असेल तर.

दोन-तीन माणसांसाठी 2 मध्यम बटाटे, पाव किलो फ्लॉवर आणि वाटीभर मटार घ्या. फ्लॉवरचे तुरे जरा मोठेच ठेवा आणि मिठाच्या कोमट पाण्यात 10 मिनिटं टाका. अळी असली तर वर येते.

वाटणासाठी 2 कांदे उभे चिरून थोड्या तेलावर खरपूस भाजा. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस मात्र वेगळा भाजायचा, मंद आचेवर, हात न थांबवता. तो बघता बघता करपतो आणि मग रस्सा कडूच होतो. 5-6 लसणीच्या पाकळ्या, पेरभर आलं, मूठभर कोथिंबीर घालून सगळं गार झाल्यावर वाटा. पाणी जेमतेम घाला, पण वाटण गंधासारखं बारीक हवं. भरड राहिलं की चोथा खाली बसतो आणि वर नुसतं पाणी तरंगतं. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत खोबरं पटकन खवट होतं, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवा आणि घेण्याआधी चिमूटभर चाखून बघा.

कढईत 3 चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, आणि त्यावर वाटण. आता घाई करू नका. लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा सकाळी करी रोडला गाडी पकडायची असायची, म्हणून वाटण दोन मिनिटं हलवून पाणी ओतून मोकळी व्हायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एका रविवारी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मी तांब्याला हात लावला की म्हणायच्या, "थांब गं, तेल सुटू दे." तीनदा थांबवलं मला. त्या दिवशीचा रस्सा आणि माझा रोजचा रस्सा यांत सामान तेच होतं, फरक त्या दहा-बारा मिनिटांचा. वाटणाचा रंग गडद होतो, ते कढईला चिकटायचं थांबतं, गोळा होऊन येतं आणि कडेने तेल दिसू लागतं. मग 1 चमचा लाल तिखट आणि दीड चमचा गोडा मसाला घालून अर्धा मिनिट परता. मसाला विकतचा असला तरी चालेल, फक्त ताजा असू द्या.

आधी बटाट्याच्या फोडी घाला आणि वाटणात घोळवा. कढईवर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ओता. तुमची शेगडी एकच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते: खाली फोडी वाफेवर शिजतात, वर ताटातलं पाणी तापतं आणि तेच थोडं थोडं रश्श्यात घालता येतं. गार पाणी ओतू नका, आधण मोडतं. बटाटा अर्धा शिजला की फ्लॉवर, मटार, मीठ आणि फोडी जेमतेम बुडतील एवढंच पाणी.

आमसूल सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं तर बटाटा लवकर शिजत नाही, कडक राहतो. 2 आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ मला पुरतो. टोमॅटो मी या रश्श्यात घालत नाही, खोबऱ्याची चव मागे पडते. तरीही पातळ वाटला तर बटाट्याच्या दोन फोडी डावाने मोडून ढवळा, एक उकळी आणा आणि गॅस बंद करून 10 मिनिटं झाकून ठेवा.

वाटण एकदम दुप्पट करून ठेवलंत तर उरलेलं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं आणि कामावरून आल्यावर त्यात वांगी किंवा मोड आलेली मटकी होते. या रविवारी करून बघा, आणि तेल सुटायला किती वेळ लागला ते मला खाली कळवा. तुमच्या शेगडीची आच कशी आहे ते त्यावरून समजेल, मग पाण्याचं मापही नेमकं सांगेन.